मॉडेलमध्ये स्लीव्ह एकीकडे, शटरिंगवर दुसरीकडे: फरक कुठून येतो ते कसं शोधायचं

साइटवर टॅब आले, त्यात बिम मॉडेल (इमारतीचं माहितीसकट केलेलं त्रिमितीय संगणकीय मॉडेल) आलं, आणि त्याबरोबर एक तक्रार कायमची आली: "मॉडेल जुळत नाही." ही एक तक्रार नसते. तिच्या पोटात वेगवेगळे दोष असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो, म्हणून आधी नेमकं काय दिसतंय ते ओळखा.

लक्षणं

- सगळ्याच गोष्टी एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेल्या आहेत.
- इमारतीच्या एका कोपऱ्यात जुळतं, पण दुसऱ्या टोकाकडे जाताना फरक वाढत जातो.
- आडवी मापं बरोबर, उंचीत मात्र सगळीकडे ५० ते १०० मिमीचा फरक.
- एकच स्लीव्ह (पाइप जायला काँक्रीटमध्ये सोडलेली नळी) किंवा एकच डक्ट (हवा नेणारा मोठा नळ) चुकलाय, शेजारचं सगळं बरोबर.
- दोघांच्या टॅबवर दोन वेगळी चित्रं, किंवा एखादी लाइन एकाला दिसते आणि दुसऱ्याला नाही.
- झूम केलं की कडा थरथरतात, मापाचा बिंदू पकडताना उडी मारतो.
- ऑफिसच्या यादीत मुद्दा "बंद", साइटवर जसाच्या तसा.

यांपैकी कोणतंही लक्षण दिसलं की त्या जागेवर दोन कामं थांबवा: काँक्रीट भरणं आणि काँक्रीट कापणं. बाकी काम चालू द्या. खाली तपासण्या फुकटच्यापासून खर्चिकपर्यंत अशा क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नका. टॅबवर जुनी प्रत असताना सर्व्हेयरला बोलावणं म्हणजे त्याचा दिवस आणि तुमचे पैसे दोन्ही वाया.

१. टॅबमधली प्रत

बेसमेंटमध्ये आणि शाफ्टजवळ नेटवर्क मिळत नाही, म्हणून मॉडेल आधीच उतरवून ठेवलेलं असतं. ही उतरवलेली प्रत दरवेळी आपोआप नवी होतेच असं नाही. टॅबवरचं ॲप डॅलक्स असो, ट्रिम्बल कनेक्ट असो की ऑटोडेस्क बिल्ड, मॉडेलच्या माहितीत आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख सापडते. साइट ऑफिसमधल्या संगणकावर तीच फाइल उघडा आणि दोन्ही क्रमांक शेजारी ठेवून बघा. वेगळे निघाले तर निम्म्या वेळा शोध इथेच संपतो.

टॅबची जागा भरली असेल तर डाउनलोड अर्धवट राहतं आणि तसा इशारा ठळक दिसत नाही. मग आर्किटेक्चर नवं आणि प्लंबिंग जुनं असं मिश्रण समोर येतं. अशा वेळी जुनी प्रत काढून वायफायवर पुन्हा उतरवून घ्या. पण काढण्याआधी टॅबमध्ये अडकलेले फोटो आणि मुद्दे वर चढलेत का ते नक्की बघा. न चढलेले मुद्दे प्रतीबरोबर कायमचे जातात.

२. दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं

कोणकोणत्या शाखांची (आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, प्लंबिंग वगैरे) मॉडेलं चालू आहेत, मॉडेल कापून दाखवणारा छेद कुठे लागलाय, गाळणी (फिल्टर) कोणती आहे, एवढं बघायला दोन मिनिटं पुरतात. यातला मजल्याच्या गाळणीचा घोळ फार नेमाने होतो. पाचव्या मजल्याच्या टॉयलेटची ड्रेनेज लाइन पाचव्या स्लॅबखाली, म्हणजे चौथ्या मजल्याच्या छताला लटकते. मॉडेल करणारा ती पाचव्या लेव्हलला बांधतो, कारण टॉयलेट पाचव्यावर आहे. साइटवरचा प्लंबर चौथ्यावर उभा राहून चौथ्याचीच गाळणी लावतो आणि लाइन दिसत नाही म्हणून फोन करतो. गाळणीत वरची लेव्हलही टिकवा, लाइन समोर येईल.

३. तीन ठिकाणी टेप लावा

या पोस्टमधली सगळ्यात मोलाची तपासणी हीच. खर्च शून्य, वेळ अर्धा तास, आणि पुढे कुठे वळायचं ते हीच सांगते. तरी नेमकी हीच गाळली जाते. एका जागी फरक दिसला की लोक थेट निष्कर्षावर जातात.

इमारतीच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांजवळची दोन ठिकाणं आणि मधलं एक निवडा. प्रत्येक ठिकाणी दोन्ही दिशांच्या ग्रिडलाइनपासून (कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या आखणीच्या रेषांपासून) माप घ्या, शिवाय उंची घ्या. माप दोरी मारलेल्या ग्रिडच्या ओळीपासूनच घ्यायचं, प्लास्टरच्या किंवा ब्लॉकच्या पृष्ठभागापासून नाही. भिंत गुण्यात (काटकोनात) नसेल तर तिची चूक तुमच्या मापात शिरते. कागदावर चार रकाने पाडा: जागा, मॉडेलचं माप, टेपचं माप, फरक. फरकासोबत दिशाही लिहा. "४० मिमी" एवढ्यावरून काही कळत नाही, "४० मिमी पूर्वेला" यावरून कळतं.

मोजताना तीन गोष्टी हमखास फसवतात.

टेपचं टोक झिजलेलं किंवा टोकाचा हुक वाकलेला असतो म्हणून माणूस १००च्या खुणेपासून मोजतो आणि शेवटी १०० वजा करायचं राहून जातं. फरक बरोबर १०० मिमी आला तर पहिला संशय इथे घ्या.

मिस्त्री फुटात बोलतो, मॉडेल मिलिमीटरमध्ये. तोंडी हिशेबात एक फूट ३०० मिमी धरला जातो, खरा फूट ३०४.८ मिमीचा. २० फुटांवर हा फरक ९६ मिमी होतो.

तिसरं म्हणजे ॲपचा मापबिंदू. तो पाइपच्या मध्यावर बसलाय, कडेवर, की इन्सुलेशनच्या बाहेरच्या पृष्ठभागावर? डक्टला २५ मिमी इन्सुलेशन असेल तर एका बाजूलाच २५ मिमी जातात. ११० मिमीच्या एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या) पाइपचा मध्य आणि कड यांत ५५ मिमी असतात.

आता तिन्ही फरक एकत्र वाचा:

तिन्ही ठिकाणी फरक सारखा आणि दिशा एकच असेल तर मॉडेलचा उगमबिंदू (जिथून सगळी मापं सुरू होतात तो शून्य बिंदू) सरकलाय, सातव्या तपासणीकडे जा. अंतरानुसार फरक वाढत असेल तर मॉडेल फिरलंय किंवा त्याचं प्रमाण बिघडलंय, तेही सातवीतच. फक्त उंचीत फरक असेल तर चौथी तपासणी. एकाच वस्तूत असेल तर पाचवी. आणि तिन्ही ठिकाणी फरक वेगवेगळा, दिशाही वेगवेगळी असेल तर मॉडेलला दोष देऊ नका, प्रत्यक्ष काम हललंय.

या शेवटच्या प्रकारात किती हललं ते महत्त्वाचं. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कॉलम-बीमच्या छेदाच्या मापात अधिक १२ आणि उणे ६ मिमीपर्यंतची तफावत चालते. मॉडेलमध्ये कॉलम नेमका ४५० मिमी असतो, साइटवरचा ४५८ निघाला तर तो चुकीचा नाही. मॉडेलमध्ये कॉलमला चिकटून उभा केलेला ५ मिमी फटीचा डक्ट मात्र प्रत्यक्षात बसणार नाही. ती चूक समन्वयाची असते, गवंड्याची नव्हे. सेवांच्या (पाइप, डक्ट वगैरेंच्या) कडेने निदान २५ मिमीची मोकळीक मागायचं हेच कारण.

४. उंची: एफएफएल की एसएसएल

आर्किटेक्टचं मॉडेल फरशीच्या पृष्ठभागावर, म्हणजे एफएफएलवर उभं असतं. स्ट्रक्चरचं मॉडेल स्लॅबच्या पृष्ठभागावर, एसएसएलवर. मधे फरशी आणि तिच्याखालचा मसाला, साधारण ७५ मिमी. एफएफएल +१२.००० असेल तर एसएसएल +११.९२५. दोन्ही मॉडेलांत लेव्हलचं नाव मात्र "चौथा मजला" एवढंच लिहिलेलं असतं, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. टॉयलेटच्या सनकन (मुद्दाम खाली घेतलेल्या) स्लॅबला आणखी २०० ते ३०० मिमीची घट असते आणि गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा थर वाढतो, त्यामुळे या दोन जागा स्वतंत्र तपासा.

साइटवर कॉलमवर मारलेली एक मीटरची लेव्हल कुठून मोजलीय, एफएफएलवरून की एसएसएलवरून, हे मारणाऱ्याला विचारा आणि ओळीशेजारी रंगाने लिहून घ्या. पाळी बदलली, माणूस बदलला की तोंडी माहिती जाते, रंग राहतो.

५. कोणता बदल कोणत्या कागदावर झाला

एकच वस्तू चुकलीय, बाकी सगळं जागेवर आहे, तर जवळपास नेहमी कारण एकच: बदल ड्रॉइंगवर झाला, मॉडेलमध्ये झाला नाही. किंवा उलटं.

घडतं ते असं. साइटवरून आरएफआय (सल्लागाराला विचारलेला लेखी प्रश्न) जातो की शाफ्टची स्लीव्ह बीमला धडकतेय. सल्लागाराकडे वेळ नसतो. तो शीटवर बदलाच्या जागेभोवती ढगासारखी रेघ काढून स्लीव्ह १५० मिमी सरकवतो, रिव्हिजनचा क्रमांक वाढवतो आणि पीडीएफ पाठवतो. मॉडेलला कोणी हात लावत नाही. पुढच्या आठवड्यात मॉडेलमधून नवं शीट काढलं जातं आणि स्लीव्ह मुकाट्याने जुन्या जागी परत जाते. आता साइटवर दोन कागद असतात, दोन्हींवर शिक्का असतो, आणि जो नवा दिसतो तोच चुकीचा असतो.

तपासायचं असं: शीटच्या टायटल ब्लॉकवरची रिव्हिजन आणि तारीख घ्या, टॅबमधल्या मॉडेलच्या आवृत्तीची तारीख घ्या, आणि त्या वस्तूवर आलेले आरएफआय तारखेने लावा. आरएफआयचं उत्तर मॉडेलच्या तारखेनंतरचं असेल तर मॉडेल जुनं ठरतं. उत्तर मॉडेलच्या आधीचं असूनही मॉडेलमध्ये दिसत नसेल तर बदल गळलाय.

दुसरी गोष्ट म्हणजे फाइलचा दर्जा. आयएसओ १९६५० या बिमच्या माहितीच्या मानकानुसार माहितीच्या चार अवस्था असतात: काम चालू, सामायिक, प्रकाशित आणि संग्रहित. सामायिक केलेलं मॉडेल दुसऱ्या सल्लागारांनी समन्वयासाठी वापरायचं असतं, त्यावरून बांधायचं नसतं. बऱ्याच साइटवर टॅबला सामायिक फोल्डरच जोडलेलं असतं, कारण त्यात मॉडेल लवकर येतं. मग साइट एक आठवडा पुढचं, मंजूर न झालेलं चित्र बघत राहते. टॅबला फक्त प्रकाशित फोल्डर जोडा. यासाठी समन्वयकाशी वाद घालावा लागला तरी घाला.

आणि करारात उलट लिहिलेलं नसेल तर बांधकाम जीएफसी (बांधकामासाठी मंजूर) ड्रॉइंगवरूनच चालतं. मॉडेल समजून घ्यायला आहे. दोन्हींत फरक दिसला तर स्वतः निवड करू नका, प्रश्न लेखी विचारा.

*व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्क्रीनशॉट.* मॉडेलचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला की त्यावर ना तारीख असते, ना आवृत्ती, ना ग्रिड. तीन आठवड्यांनी कोणीतरी तोच फोटो वर ओढून काढतो आणि त्यावर काम करतो. ग्रुप बंद करा असं सांगण्यात अर्थ नाही, साइट त्याच्यावरच चालते. निदान नियम एवढा करा: ग्रिडचे बुडबुडे (ग्रिडच्या नावांची वर्तुळं) आणि आवृत्तीचा क्रमांक चित्रात आल्याशिवाय स्क्रीनशॉट टाकायचा नाही.

मुद्दा नोंदवायचाच असेल तर ॲपमधून नोंदवा आणि ऑफिसला बीसीएफ फाइल (मॉडेलवरचे मुद्दे पाठवायचा सामायिक फाइलप्रकार) म्हणून जाऊ द्या. बीसीएफमध्ये कॅमेऱ्याची जागा आणि वस्तूचा ओळखक्रमांक दोन्ही जातात, त्यामुळे ऑफिसात उघडणाऱ्याला तुम्ही बघितलेलीच वस्तू त्याच कोनातून दिसते. मजकूर मात्र तुम्हीच नीट लिहा. "स्लीव्ह चुकलीय" हे पुरेसं नाही. "चौथा मजला, ग्रिड सी-५, ११० मिमी ड्रेनेज स्लीव्ह, ग्रिड सी पासून पूर्वेला: मॉडेल ४५०, शीट रिव्हिजन ३ वर ६००, स्लॅब गुरुवारी भरायचा आहे" असं लिहिलं तर उत्तर त्याच दिवशी येतं, कारण समोरच्याला उलट प्रश्न विचारावा लागत नाही. आणि मुद्दा बंद कोणी करायचा? ज्याने उघडला त्यानेच, नवी प्रत टॅबवर बघून. ऑफिसने दुरुस्त केला की "उत्तर दिलं" एवढीच अवस्था ठेवा. "बंद, पण तसाच" हे लक्षण त्याने जवळपास नाहीसं होतं.

६. मॉडेल बाहेर काढताना झालेली चूक

इथून पुढचं काम ऑफिसातल्या मॉडेल समन्वयकाचं. साइटवरून फक्त पुरावा द्यायचा. त्याला हे विचारा:

नेव्हिसवर्क्सची (सगळ्या शाखांची मॉडेलं एकत्र बघायच्या सॉफ्टवेअरची) एनडब्ल्यूडी फाइल म्हणजे त्या क्षणी गोठवलेली प्रत. एनडब्ल्यूएफ मूळ फाइलींशी जोडलेली असते. साइटला एनडब्ल्यूडी पाठवली आणि ती पुन्हा काढली नाही, तर मूळ मॉडेल कितीही बदललं तरी साइटला जुनंच दिसणार. रेव्हिटमधून (मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमधून) काढताना जोडलेल्या फाइली बदलून घेण्याचा पर्याय बंद राहिला की आख्खी शाखा गायब होते. कोणत्या व्ह्यूमधून काढलं हेही विचारा, कारण त्या व्ह्यूमध्ये जे लपवलंय ते निर्यातीत येतच नाही. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडचं ड्रॉइंग) जोडताना एकक मीटर की मिलिमीटर हे चुकलं तर वस्तू हजारपट मोठी किंवा लहान होते. ही चूक सोपी, कारण लगेच डोळ्यात भरते. फूट आणि मीटरची अदलाबदलही तशीच कळते.

७. उगमबिंदू, उत्तर दिशा आणि लांबचे सहनिर्देशक

रेव्हिटमध्ये आतला उगमबिंदू, प्रकल्पाचा आधारबिंदू आणि सर्व्हे बिंदू असे तीन असतात. एका सल्लागाराने सामायिक सहनिर्देशकांनी (कोऑर्डिनेट्सनी) मॉडेल काढलं आणि दुसऱ्याने आतल्या उगमबिंदूने, तर दोन्ही मॉडेलं आपापल्या जागी निर्दोष असूनही एकमेकांवर बसत नाहीत. सगळीकडे सारखा फरक येतो तो यामुळे.

फरक अंतराने वाढत असेल तर खरी उत्तर आणि प्रकल्पाची उत्तर यांतला कोन बघा. ०.१ अंशाची चूक ५० मीटरवर ८७ मिमी होते.

त्याहून फसवा प्रकार यूटीएम ग्रिडचा, म्हणजे सर्व्हेचे नकाशे ज्या जागतिक मापजाळीवर बसवतात तिचा; इमारतीची ग्रिड वेगळी. यूटीएममध्ये पट्ट्याच्या मध्यरेखेवर प्रमाण ०.९९९६ असतं, म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर ग्रिडवर ४० मिमीने कमी भरतात. पुण्यात, जागेची उंची धरून, हा फरक १०० मीटरला साधारण ३० मिमी येतो. छोट्या इमारतीत कोणाच्या लक्षात येत नाही. लांबच लांब पोडियम, रस्ता किंवा मेट्रोचा व्हायाडक्ट असेल तर दर स्पॅनला साठत जातो. टोटल स्टेशनमध्ये (सर्व्हेयरच्या मोजणी यंत्रात) प्रमाणगुणक चालू आहे की बंद, आणि मॉडेल ग्रिडच्या मापात आहे की जमिनीच्या, हे दोन्ही एकाच माणसाने ठरवायला हवं.

कडा थरथरण्याचं कारणही इथेच सापडतं. बरेच व्ह्यूअर चित्र काढताना ३२ बिटांचा आकडा वापरतात, त्यात साधारण सात अंकांपर्यंतच अचूकता टिकते. पुण्याचं यूटीएम नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) २० लाख ४८ हजार मीटरच्या आसपास आहे. एवढ्या मोठ्या अंतरावर ३२ बिटांच्या आकड्याचं सगळ्यात लहान पाऊल १२५ मिमीचं होतं. मुंबईच्या उपनगरांत नॉर्दिंग २१ लाखांच्या पुढे जातं आणि पाऊल २५० मिमीचं होतं. अशा मॉडेलवरून स्लीव्हचं माप घेणं व्यर्थ. टॅब बदलून, मेमरी वाढवून काही फरक पडत नाही. मॉडेलची वस्तू उगमबिंदूजवळ, इमारतीच्या ग्रिडच्या छेदाशी ठेवायची आणि खरे सहनिर्देशक फक्त सर्व्हे बिंदूत नोंदवायचे. रेव्हिटमध्येही आतल्या उगमबिंदूपासून १० मैलांच्या, म्हणजे साधारण १६ किमीच्या पुढे गेलात की भूमिती बिघडू लागते.

दुरुस्ती मात्र एकट्याने करू नका. एका शाखेने आपलं मॉडेल गुपचूप सरकवलं तर बाकीच्या सगळ्यांचं बिघडतं. समन्वयकाने तारीख ठरवायची आणि त्या दिवशी सगळ्यांनी मिळून बदलायचं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

ग्रिडलाइनच चुकलीय असा संशय आला की सर्व्हेयर हवा. दोन नियंत्रणबिंदूंमधलं अंतर मूळ नोंदीशी जुळत नसेल, किंवा टीबीएमवरून (साइटवरच्या ठरलेल्या उंचीच्या खुणेवरून) फिरवलेली लेव्हल त्याच टीबीएमला बंद होत नसेल, म्हणजे परत आल्यावर तीच उंची येत नसेल, तर मॉडेलवर आणखी वेळ घालवू नका. त्याला तिसऱ्या तपासणीचा कागद द्या, त्याचं अर्ध काम झालेलं असेल.

काँक्रीट भरून झालंय आणि स्लीव्ह चुकीच्या जागी आहे, तर कोअर कटिंगचं (काँक्रीटमध्ये गोल भोक पाडायचं) मशिन स्ट्रक्चरल सल्लागाराच्या लेखी परवानगीशिवाय लावायचं नाही. बीम, कॉलम, शिअर वॉल आणि लिफ्टचा कोअर यांच्या बाबतीत तर चर्चाच नको. भोक लहान आहे हे कारण चालत नाही. सपोर्टजवळ लहान भोकही शिअरच्या (कातरताण घेणाऱ्या) सळया तोडतं.

स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड (काँक्रीट भरल्यावर आतल्या तारा ताणलेला) असेल तर धोका जिवाचा आहे. १२.७ मिमीच्या एका स्ट्रँडमध्ये (पिळाच्या तारेत) दहा टनांहून जास्त ताण असतो. तो कापला गेला तर अँकरकडून उसळू शकतो आणि स्लॅबची ताकद त्या पट्ट्यात जाते. टेंडनची (या ताणलेल्या तारांची) जागा मॉडेलवरून ठरवू नका, काँक्रीट भरताना काढलेल्या नोंदीवरूनही एकट्याने ठरवू नका. जीपीआर (रडारने काँक्रीटच्या आतलं दाखवणारा) स्कॅन करणारा माणूस बोलवा, स्लॅबवर टेंडन आखून घ्या, आणि सल्लागाराने त्या आखणीवर सही केल्यावरच पुढे जा.

आगरोधक भिंतीतून किंवा स्लॅबमधून जाणारी जागा बदलली तर अग्निसुरक्षा सल्लागारालाही कळवावं लागतं, कारण सील त्या जागेला आणि त्या पाइपला धरून मंजूर असतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

प्रत्येक शाखेने आपल्या मॉडेलमध्ये ग्रिड ए-१ च्या छेदावर एसएसएलला टेकवून ५०० मिमीचा एक घन ठेवायचा, प्रत्येकाचा रंग वेगळा. मॉडेलं एकत्र केल्यावर सगळे घन एकात एक बसले पाहिजेत. एखादा बाहेर डोकावला तर कोणाचं मॉडेल सरकलंय ते दहा सेकंदांत कळतं. एकाच छेदावरच्या घनाने फिरलेलं मॉडेल पटकन कळत नाही, म्हणून तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या ग्रिडवर दुसरा घन ठेवा.

स्लीव्हसाठी स्लॅब भरण्याच्या तीन दिवस आधीची गोठवण्याची तारीख ठेवा. त्या दिवशी स्लीव्हचं शीट मॉडेलमधूनच काढायचं, त्यावर मॉडेलच्या आवृत्तीचा क्रमांक छापायचा, आणि प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, एचव्हीएसी व स्ट्रक्चर अशा चौघांच्या सह्या घ्यायच्या. त्यानंतर आलेला बदल याच स्लॅबला लागू होणार असेल तर तो फोनवर स्वीकारायचा नाही. वरची जाळी पडण्याआधी सुपरवायझरने शटरिंगवर प्रत्येक स्लीव्ह दोन ग्रिडपासून मोजायची, शीटवर खूण करायची आणि टेप लावलेला फोटो मुद्द्याला जोडायचा. जाळी पडल्यावर टेप सरळ बसत नाही आणि माप डोळ्याने लावलं जातं.